चिन्ह बदला

गुणाबाईंची लेक अक्काताई, अक्काताईंची लेक कमळाक्का आणि कमळाक्कांची लेक विद्युल्लता. आपलं घराणं विद्युल्लताबाई आईकडूनच मोजत. वडिलांकडची मंडळी कर्तबगार होती हे त्यांना मान्य होतं, पण घरातली कुठली वस्तू कुठे आहे, हे त्यांतल्या एकालाही कधी सांगता आलेलं नव्हतं. पणजी गुणाबाई निरक्षर होती. तिने आपल्या भांड्यांच्या बुडाशी तीन टिंबं ठोकून घेतली होती, आणि लग्नकार्यात साऱ्या गल्लीची भांडी एके ठिकाणी आली की अंधारातसुद्धा नुसतं बोट फिरवून ती आपली परात ओढून काढी. आजी अक्काताईने टिंबांच्या जागी मोर आणला. आई कमळाक्का चार इयत्ता शिकलेली. तिने मोर हटवून पूर्ण नाव घातलं, तिथीसकट. आणि अशा घराण्यात जन्मलेल्या, बेळगावच्या टिळकवाडीत मुलींची एक आख्खी शाळा नुसत्या भुवईवर चालवून निवृत्त झालेल्या विद्युल्लताबाई गेली कित्येक वर्षं आपल्या कॉम्प्युटरवर सगळे फोल्डर एकसारखे पिवळे ठेवून सुखाने नांदत होत्या, हे त्यांच्या ध्यानात आलं ते एका मंगळवारी सकाळी. गिझर चालू राहिल्याबद्दल सुनेला चार शब्द ऐकवायला त्या तिच्या खोलीत गेल्या होत्या. शब्द ओठांवर तयार होते. तेवढ्यात त्यांची नजर शाल्मलीच्या पडद्यावर गेली, आणि पिवळ्या चौकोनांच्या त्या रांगेत एक निळी किटली बसलेली त्यांना दिसली.

"हे काय?"

"काय, आई?"

"ही किटली."

"ती होय? माझा बँकेच्या कामाचा फोल्डर. चहा प्यायच्या आधी उघडायचा नाही, म्हणून किटली."

"म्हणजे ते चित्र बदलता येतं?"

"येतं की."

"आणि हे तू मला आज सांगतेस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," शाल्मली म्हणाली, आणि हसू लपवायला उगाचच चष्मा पुसू लागली.

गिझर तसाच राहिला. आपल्या खोलीत येऊन विद्युल्लताबाई खुर्चीत बसल्या, पण पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि एकदम जमीन लागावी तसं काहीतरी त्यांच्या अंगात झालं होतं. पिवळाच रंग का, हे आपण एकदाही विचारलं नाही. शाळेचा गणवेश बदलताना संस्थेच्या सगळ्या पुरुषांना जिने गप्प केलं, घरासमोरची कचराकुंडी जिने पुढच्या चौकात हलवायला लावली, त्या बाईला कुणीतरी, कुठल्यातरी दूरच्या गावी बसून, पिवळा रंग नेमून दिला आणि तिने तो मुकाट्याने घेतला. त्यांना राग यायला हवा होता. पण रागाच्या जागी जे वर आलं ते फार निराळं, पोटातून गुदगुल्या करत येणारं होतं. नव्या कोऱ्या पाटीचा वास पहिल्यांदा घेतल्यावर येतं, तसलं. त्यांनी सुनेला हाक मारली. "इथे उभी राहा. माउसला हात लावायचा नाही. तोंडाने सांग." शाल्मलीने तोंडाने सांगितलं: उजवं बटण, सगळ्यात तळाची ओळ, त्यातलं शेवटचं पान, तिथे 'चिन्ह बदला', मात्र आपला फोटो घालायचा तर तो आधी चिन्हाच्या साच्यात बसवून घ्यावा लागतो. विद्युल्लताबाईंनी घरपट्टीच्या फोल्डरला कुलूप दिलं. काही झालं नाही. पिवळा चौकोन पिवळाच राहिला. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की चौथीतली मुलगी असती तर रडली असती. "वरचं ते पाचवं बटण दाबा, पान ताजं होतं," शाल्मली म्हणाली. बटण दाबलं, आणि पिवळं गेलं आणि कुलूप आलं, आणि विद्युल्लताबाई इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या खोलीतून त्यांचे यजमान केशवराव पेपर हातात धरूनच धावत आले.

"काय झालं?"

"घरपट्टीचं कुलूप झालं."

केशवरावांनी उभा जन्म वकिली केली होती. असल्या विधानाची उलटतपासणी करायची नसते हे त्यांना ठाऊक होतं. ते परत गेले.

पुढचे दोन दिवस त्या घरात कुणाला धड जेवण मिळालं नाही, आणि कुणाची तक्रारही नव्हती. विद्युल्लताबाई फोन घेऊन घरभर हिंडत, अडकित्त्याचा, उंबरठ्याचा, केशवरावांच्या छत्रीचा फोटो काढत, आणि तो साच्यात घालून लहान करून बघत. लहान झाल्यावर बहुतेक गोष्टी चिखल होतात, हे त्यांना लवकरच कळलं. मोराचा पिसारा चिखल होतो. अडकित्ता मात्र अडकित्ताच राहतो. जे चित्र थोडक्यात बोलतं तेच लांबून ओळखू येतं, हा नियम त्यांनी स्वतः शोधून काढला आणि दुपारच्या चहाला सगळ्यांना ऐकवला. औषधांच्या कागदांना खलबत्ता मिळाला, नातू ऋग्वेदच्या फोटोंना त्याच्या दोन पडलेल्या दातांची फट मिळाली, आणि शाल्मलीच्या फोल्डरला मिळालं पोळपाट-लाटणं.

"आई, मी शेवटची पोळी कधी लाटली, आठवतं का तुम्हाला?"

"म्हणूनच दिलं. आठवण राहावी."

"मग बाबांना छत्री का? ते तर पावसात बाहेरच पडत नाहीत."

"त्यांना मी काय द्यायचं ते मी ठरवीन."

"तेच तर," शाल्मली म्हणाली. "सगळ्यांना काय द्यायचं ते तुम्हीच ठरवता."

हे ती हसतच म्हणाली होती. विद्युल्लताबाईंनीही ते हसतच झटकलं, आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. एव्हाना त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी हलू लागलं होतं. एका मोठ्या काळ्या चौकोनावर छोटी छोटी चित्रं, आणि प्रत्येक चित्राच्या मागे कोंडलेला अर्थ: हे आपण आधी कुठेतरी पाहिलं आहे, हाताने शिवलं आहे, त्याला ओल्या दगडी पेन्सिलीचा वास होता. संकेश्वर. वडिलांना तिथल्या साखर कारखान्यात नोकरी लागली म्हणून निपाणीची मराठी शाळा अर्ध्या वर्षात सुटली होती, आणि आठ वर्षांची विद्युल्लता अशा कन्नड वर्गात जाऊन उभी राहिली होती की जिथे फळाभर नुसत्या वेलांट्या लोंबत होत्या. एकही अक्षर तिच्याकडे वळून बघत नव्हतं. निपाणीत पहिल्या नंबरावर असलेल्या त्या पोरीला तेव्हा कळलं की न वाचता येणं म्हणजे अंधार नव्हे. लख्ख उजेडात सगळं दिसत असतं, फक्त ते आपल्याशी बोलत नाही. तिला मागच्या रांगेत जागा मिळाली, कारण तिथेच होती. शेजारी यल्लव्वा. काळीसावळी, बारीक, दोन्ही भाषांत सारख्याच वेगाने भांडणारी. वखारीत पोती उचलणाऱ्या देवाप्पाची लेक. तिने त्या रडवेल्या मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या घरात गोल काय हाय गं? वर झाकण असलेलं?" विद्युल्लता म्हणाली, तांब्या. "मग ह्यो बघ तुझा तांब्या. ह्योच र." दुसऱ्या दिवशी विचारलं, तुमच्या घरात कमानीवानी काय हाय? देवघराचं दार. तो झाला ग. मधोमध भोक पडलेली भाकरी, तो ठ. रोज एकेक अक्षर पाटीवर यायचं, विद्युल्लतेच्या घरची एखादी वस्तू होऊन बसायचं, आणि संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसलं जायचं. पण डोक्यातून पुसलं जायचं नाही. उन्हाळा येईतो ती कन्नड घडाघडा वाचू लागली होती. पुढे तिची सगळी नोकरी, सरकारी कचेऱ्यांतले तिचे सगळे विजय, त्या पाटीवर उभे होते. संकेश्वर सोडताना तिने यल्लव्वाला विचारलं होतं, तुला काय देऊ? कमळाक्कांची लेक; कुणाचं घेऊन तसंच निघायचं हे तिला जमणारं नव्हतं. यल्लव्वा म्हणाली होती, "आत्ता काय नगं. लागलं की मागतो." त्यानंतर सगळा जन्म गेला. यल्लव्वा नर्स झाली, निपाणीच्या दवाखान्यात मोठी सिस्टर झाली, निम्म्या गावाला तिने या जगात ओढून आणलं. दोघींचे फोन होत, लग्नांना येणंजाणं होई. मागितलं मात्र तिने कधीच नाही.

गुरुवारी सकाळी यल्लव्वाच्या नातीचा, अक्षराचा, बेंगळुरूहून फोन आला. यल्लव्वाच्या मेंदूत दिवाळीच्या आधी रक्ताची गुठळी झाली होती, हे विद्युल्लताबाईंना ठाऊक होतं. त्या भेटायला गेल्या तेव्हा यल्लव्वा भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि तेव्हापासून फोन उचलत नव्हती. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, नजर वाचली. गेलं ते एकच. वाचन. "अक्षरं दिसतात आजीला," अक्षरा म्हणाली, "पण लागत नाहीत. आणि आता म्हणते, येत्या रविवारी येऊन कॉम्प्युटर घेऊन जा, नाहीतर भंगारात घालतो. त्यात तिचं सगळं आहे हो. त्या बायकांचे आवाज." हे आवाज काय होते तेही विद्युल्लताबाईंना माहीत होतं: निवृत्त झाल्यापासून यल्लव्वा गावातल्या विडी वळणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, आपल्या हाताखाली बाळंत झालेल्या बायकांना घरी बोलावून त्यांच्या त्यांच्या बाळंतपणाची गोष्ट त्यांच्याच तोंडून भरून घेत होती. त्याचं पुस्तक करायचं तिच्या मनात होतं. आता पडद्यावर सगळे पिवळे चौकोन, आणि खाली नावांच्या जागी नुसत्या मुंग्या. कोण कुठली, तिला कळत नव्हतं.

"रविवारी तू ये," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "पण त्याआधी मी जाते. मला त्या बायकांची नावं सांग."

दिवसभर बसून त्यांनी चित्रं केली. किती सुबक झाली होती ती! पाळणा, समई, कमळ, पाणी भरलेला कलश, पिंपळपान. एकही चिखल नाही. शुक्रवारी सकाळी ती सगळी एका पेन ड्राइव्हमध्ये घालून, तो पर्समध्ये ठेवून, त्या निपाणीच्या बसमध्ये बसल्या, आणि संकेश्वर मागे पडताना त्यांना असा आनंद झाला की खिडकीच्या काचेत आपलंच तोंड हसताना बघून त्यांनी ते मुद्दाम गंभीर केलं. महामार्गाच्या दोन्ही अंगांना ऊस होता, नंतर तंबाखू. उतरल्यावर तो कडवट, गोडसर वास नाकात शिरला आणि आठ वर्षांची पोर होऊनच त्या यल्लव्वाच्या दारात उभ्या राहिल्या.

"आलीस व्हय," यल्लव्वा म्हणाली. केस सगळे पांढरे, कंबर सरळ. "बसायला जागा मिळाली, का उठवलंस कुणाला?"

"उठवलं. कॉलेजचा मुलगा होता, पाय चांगले होते त्याचे."

"तुझी खोड न्हाय जायाची."

कॉम्प्युटरवर इरकली लुगड्याचा तुकडा अंथरलेला होता, माणूस गेल्यावर अंथरतात तसा. विद्युल्लताबाईंनी तो काढून घडी घातली. यल्लव्वा बघत राहिली. "सही करता येती मला," ती म्हणाली. "हात लिहितोय. पर कुणाची सही ती, मला वाचाय येत न्हाय. बँकेतलं पोरगं म्हणलं, मावशी, बरोबर हाय की. म्हटलं, तुला ठावं बाबा, मला न्हाय." हे सांगताना ती हसली, आणि ते हसणं विद्युल्लताबाईंना ऐकवेना. असल्या वेळी त्या नेहमी जे करत तेच त्यांनी केलं. हुकूम सोडला. "बस इथे. बघ." त्यांनी चित्रं चढवली, एकेक करून, सराईतपणे, आणि खुर्ची बाजूला सरकवली.

"पाळणा कुणाचा?" यल्लव्वाने विचारलं.

"जैतूनबीचा."

"आन कमळ?"

"हौसाबाईचं. समई रुक्मव्वाची."

"रुक्मव्वाच्या घरात समई कवा हुती गं? चिमणी हुती, ढणढण धूर सोडणारी." यल्लव्वा पडद्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावरची रेघ न् रेघ मिटत चालली होती. "पाळणा तर समद्यांचाच. समद्याजणी काय कॅलेंडरावरच्या देवी हैत व्हय? मला कायबी उमगत न्हाय ह्यातलं, विजे. अक्षरं हुती तीच बरी. ती निदान माझ्या वळखीची हुती." ती उठली. "झाकून ठेव. चहा टाकतो."

त्या खोलीत विद्युल्लताबाई एकट्याच उरल्या. समोर त्यांचं सुबक कमळ होतं. शाळेत एवढी वर्षं मुलींना त्या सांगत आल्या होत्या की चूक झाली तर ती कुठल्या ओळीत झाली ते आधी शोधा. आता त्या आपली ओळ शोधू लागल्या. चित्र वाईट नव्हतं. रंग बरोबर होता. मग? स्वयंपाकघरातून स्टोव्हवर पातेलं ठेवल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजाबरोबर, कुठून कोण जाणे, ती बारीक पोर त्यांच्या शेजारी येऊन बसली, पाटी मांडीवर घेऊन. तिने कधी सांगितलं नव्हतं, की हा तांब्या आहे. तिने विचारलं होतं. रोज, प्रत्येक अक्षराला. आणि का विचारलं होतं? कारण कमळाक्कांच्या घराच्या पायऱ्यांच्या वर यल्लव्वा कधी आलीच नव्हती. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं, आणि का म्हटलं नव्हतं हे त्या काळी कुणी बोलून दाखवत नसे. आत तांब्या आहे की घंगाळ आहे, देवघराला कमान आहे की नाही, हे तिला दिसलेलं नव्हतं. म्हणून ती विचारी, आणि तिने विचारलं म्हणूनच ते अक्षर परकं न राहता विद्युल्लतेच्या घरचं होई. विद्युल्लताबाई उठल्या. सबंध आयुष्यात त्यांनी उत्तरं फार दिली होती. त्या चालत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या, थांबल्या नाहीत, आत गेल्या, आणि ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या यल्लव्वाला त्यांनी विचारलं:

"हौसाबाई म्हटलं की तुला काय दिसतं गं?"

दूध वर यायला लागलं, यल्लव्वाने आच कमी केली.

"भजी," ती म्हणाली.

"भजी?"

"कांद्याची. बाळ डोकं काढतंय, मी घामानं न्हालोय, आन ही बया नाक वर करून म्हणती, सिस्टर, शेजारी कुणीतरी भजी तळतंय. पोरगी हुईस्तोवर त्याच भज्यांचं नाव. शेवटाला धाडलं शिपायाला, आन मग दोघींनी खाल्ली." यल्लव्वाचे खांदे हलत होते. आधी विद्युल्लताबाईंना कळेना, रडते आहे की काय. मग ती वळली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते हसण्याचं होतं.

"आणि जैतूनबी?"

"कातरी. विडीची पानं कापत हुती, कळा आल्या तरी कातरी सोडंना. म्हणली, एवढा जुडगा संपू दे. कातरी हातात घिऊनच बाळंत झाली."

"रुक्मव्वा?"

"लाल एस्टी. चढावर गाडी बंद पडली, कंडक्टरनं समद्या बाप्यांना खाली उतरवलं. पोराचं नाव काय ठेवलं, सांग बघू?"

"काय?"

"भरमू. कंडक्टरचं नाव भरमाप्पा हुतं न्हवं."

चहा तसाच हातात घेऊन त्या दोघी पडद्यासमोर बसल्या. कमळ गेलं, समई गेली; त्यांना निरोप देताना विद्युल्लताबाईंना जराही वाईट वाटलं नाही. माउसने चित्र काढायचं म्हणजे साबणाच्या वडीने रांगोळी घालण्यासारखं होतं, आणि पहिलं चित्र बघून यल्लव्वा म्हणाली, "ही भजी हाय का बेडूक?"

"तुला काय वाटतं?"

"बेडूक. पर हौसाच हाय. राहू दे."

शेवंता सासूला शिव्या देत देत बाळंत झाली होती. तिला एक उघडं तोंड मिळालं, दातांसकट. गौराबाईला मिळाला धुरांड्याचा भोंगा, कारण कारखान्याचा भोंगा आणि पोराचं रडणं एकदमच सुरू झालं होतं आणि कुठलं कुठलं ते बराच वेळ कुणाला कळलं नव्हतं. विद्युल्लताबाई विचारत होत्या, यल्लव्वा सांगत होती, आणि सांगता सांगता तिचा आवाज मोठा होत गेला, तो प्रसूतीच्या वॉर्डात घुमायचा तेवढा. मधेच तिने शिकवणाऱ्या बाईंचा हात बाजूला सारला. "सर. मी घालतो." आणि तळाची ओळ, शेवटचं पान, चिन्ह बदला: तिने शब्द वाचले नाहीत, जागा लक्षात ठेवल्या होत्या. ऊन खिडकीतून जमिनीवर आलं, जमिनीवरून कॉटवर चढलं. एकही पिवळा चौकोन उरला नाही. यल्लव्वाने बेडकावर दोनदा टिचकी मारली, आणि त्या खोलीत हौसाबाई बोलू लागली, "तर सिस्टर, त्या दिवशी काय झालं..." आणि तिच्या आवाजामागून यल्लव्वाचा जुना आवाज हसला, आणि त्याच्यावरून आत्ताची यल्लव्वा.

तिने तिथल्या तिथे नातीला फोन लावला. "रविवारी ये. पर हात हलवत ये, मशीन कुठं जात न्हाय. आन येताना तो चांगला माईक आण, गौराबाईची पोरगी आता बाळंत व्हायला आली." फोन ठेवला.

विद्युल्लताबाईंनी पदर सावरला. त्यांना हे जन्मभर म्हणायचं होतं, आणि म्हणायची वेळ आल्यावर त्यांचा तो करारी आवाज नेमका दगा देऊ पाहत होता. "यल्लव्वा, मी तुझं देणं लागत होते. तू कधी मागितलं नाहीस."

"मागितलं असतं तर तू चेक धाडला असतास."

"मग आता? फिटलं म्हण."

"थांब. आधी बघू दे." यल्लव्वाने चष्मा नाकावर घट्ट बसवला, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, आणि वर्गात उभं राहून वाचावं तशा स्पष्ट, उंच सुरात ती वाचू लागली. जैतूनबी. हौसा. रुक्मव्वा. शेवंता. बोट पुढे सरकत होतं, कुठे अडखळत नव्हतं. रांग संपली की खालच्या रांगेच्या सुरुवातीला येत होतं. गौरा. काशव्वा. माळ्याची तानी. विद्युल्लताबाई श्वास रोखून ऐकत होत्या. शेवटच्या चित्रापर्यंत यल्लव्वा न चुकता आली, बोट उचललं, आणि मैत्रिणीकडे वळली.

"फिटलं गं, विजे."

"सगळं?"

"काना-मात्रेसकट."